रंगपट्टीखाली काय लिहायचं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये किती पाऊस पडला, हे मुंबईकराला शोधावं लागत नाही. ९४४ मिलिमीटर. हाच पाऊस ९४.४ सेंटिमीटर म्हणूनही सांगता येतो. महाबळेश्वरचा पाऊस आपली वर्तमानपत्रं अजूनही इंचांत देतात, त्या हिशेबानं तो ३७ इंचांच्या किंचित वर जातो. दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी पडलं असं म्हटलं तरी बरोबरच, कारण एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं की त्याची उंची एक मिलिमीटर भरते. आणि युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या ‘ईआरए-५’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीसंचाच्या रिवाजानं लिहायचं तर हा आकडा होतो ०.९४४. तिथे पावसाचं एकक मीटर आहे.

माणूस यातला कुठलाही आकडा ऐकून संदर्भावरून अर्थ लावतो. नकाशा काढणाऱ्या प्रोग्रॅमला संदर्भ नसतो. त्याला ०.९४४ दिलं तर तो इमानेइतबारे ०.९४४ चा रंग भरतो. रंगपट्टीखाली तुम्ही हातानं ‘मिलिमीटर’ लिहून ठेवलं असेल, तर तेही तो तितक्याच इमानानं छापतो. मुंबई बुडवणारा पाऊस मग नकाशावर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

एककांच्या घोटाळ्यांवर लिहिताना १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’चं नाव घ्यायची प्रथाच पडली आहे. पाउंड आणि न्यूटन यांच्या गोंधळात ते यान गेलं, हे खरं. पण हवामानाच्या आलेखात काही कोसळत नाही. चुकीचा नकाशा बरोबर नकाशाइतकाच देखणा दिसतो, आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवला जातो.

हवामानाची आकडेवारी आज मोठ्या प्रमाणावर ‘नेटसीडीएफ’ या प्रकारच्या फाइलींतून फिरते. हा फाइलप्रकार आणि त्यातली एककं वाचणारी ‘यूडीयुनिट्स’ ही लायब्ररी, दोन्ही अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या ‘युनिडेटा’ या केंद्रात तयार झाल्या. अशा फाइलीत प्रत्येक राशीसोबत तिचं नाव आणि एकक नोंदवलेलं असतं. ते कसं नोंदवायचं याचे ‘सीएफ’ नावाचे संकेत ठरलेले आहेत. वाऱ्याच्या वेगासाठी तिथे लहान एम, रिकामी जागा, लहान एस आणि त्याला चिकटून उणे एक असं लिहितात. अक्षर वर चढवण्याची भानगड नाही, कारण हे यंत्रानं वाचायचं असतं. तापमान बहुधा केल्विनमध्ये असतं, दाब पास्कलमध्ये. हवामान बदलाची प्रारूपं तर पावसाला प्रवाह मानतात आणि तो किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असा देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं प्रारूप ‘सीएमआयपी-६’ या जागतिक तुलनेत उतरलेलं भारतातलं पहिलं प्रारूप. त्याचाही पाऊस याच एककात येतो.

देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. त्याला १२२ दिवसांनी भागलं की दिवसाला साधारण ७.१ मिलिमीटर येतात. प्रवाहाच्या एककात हाच आकडा होतो ०.००००८२. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, तेवढ्यानं गुणलं की पुन्हा मिलिमीटर प्रतिदिन. हा गुणाकार सगळेच करतात. गफलत त्यानंतर होते. पायथन भाषेतल्या ‘एक्सअ‍ॅरे’सारख्या लायब्ररीत असा गुणाकार केला की फाइलीतून आलेली एककाची नोंद सेटिंगप्रमाणे एकतर गळून पडते किंवा जुनीच चिकटून राहते. गुणाकार पाहून ती स्वतःहून बदलत नाही. आकडा आता मिलिमीटरचा, नोंद किलोग्रॅमची, आणि लेबल काय छापायचं ते कोड लिहिणाऱ्याच्या आठवणीवर.

कोणतीही राशी म्हणजे एक संख्या गुणिले एक एकक, ही मांडणी जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८७३ मध्ये विद्युत-चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच केली होती. पायथनमधली ‘पिंट’ ही लायब्ररी हेच शब्दशः अमलात आणते. तिच्यात ३० हा नुसता ३० नसतो. तो ३० मीटर प्रति सेकंद असतो, आणि बेरीज-गुणाकार करताना एककही त्याच्यासोबत गणितातून जातं. मीटरमध्ये केल्विन मिळवायला गेलात तर पिंट साफ नकार देते. युनिडेटाचीच ‘मेटपाय’ ही हवामानशास्त्रासाठीची लायब्ररी पिंटवर उभी आहे. तिच्यात दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता, संभाव्य तापमान असली गणितं एककांसकट होतात. सापेक्ष आर्द्रता काढली की उत्तर ०.८५ असं येतं, कारण टक्का हेसुद्धा पिंटच्या लेखी एक एककच आहे आणि ते मागून घ्यावं लागतं. न मागता लेबलावर टक्क्याचं चिन्ह टाकणाऱ्याच्या नकाशात कोकणातल्या जुलैची आर्द्रता एक टक्क्याच्या आत राहते.

तापमानाच्या बाबतीत पिंटचा काटेकोरपणा सुरुवातीला वैताग आणतो. २० अंश सेल्सिअसमध्ये ५ अंश सेल्सिअस मिळवा म्हटलं की ती चूक दाखवून थांबते. तिचं म्हणणं रास्त आहे. सेल्सिअसचं शून्य हे खरं शून्य नव्हे, ते २७३.१५ केल्विनवर आहे. २० अंश हे तापमान झालं, पण मिळवायचे ५ अंश हा तापमानातला फरक आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पिंटमध्ये फरकासाठी ‘डेल्टा’ लावलेलं वेगळं एकक आहे. हा भेद न पाळल्याचा परिणाम बातम्यांतही दिसू शकतो. पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखायची, हे वाक्य फॅरनहाइटमध्ये नेताना सरळ नेहमीचं सूत्र लावलं तर ३४.७ अंश येतात. खरं उत्तर २.७ अंश. आणखी एक छुपी फट म्हणजे एककासाठी लिहिलेलं एकटं अक्षर. फाइलीत कुणी तापमानासाठी नुसता मोठा ‘सी’ लिहून ठेवला असेल तर पिंट आणि यूडीयुनिट्स दोन्ही त्याचा अर्थ कूलॉम, म्हणजे विद्युतभाराचं एकक, असा लावतात. ‘एफ’ लिहिलं तर फॅरड. तापमानाचा संबंधच संपला.

इथवर गणित झालं. आता ते कागदावर उतरवायचं, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

पायथनमधले बहुतेक आलेख ‘मॅटप्लॉटलिब’ काढते. जॉन हंटर या मेंदूसंशोधकानं अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पडद्यावर पाहता यावेत म्हणून ती लिहायला घेतली आणि २००३ च्या सुमारास ती लोकांसमोर आली. या लायब्ररीत डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहिलेला मजकूर गणित म्हणून मांडला जातो, त्यामुळे घात वर चढवता येतात. मीटर प्रति सेकंद लिहायचं तर डॉलर, एम, जागा, एस, घाताचं चिन्ह, महिरपी कंसात उणे एक, डॉलर. पडद्यावर उणे एक छान वर चढलेलं दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण एम आणि एस यांच्यामधली जागा नाहीशी झालेली असते, कारण गणिताच्या मांडणीत रिकाम्या जागेला किंमत नसते. एककांच्या लेखनात मात्र ती जागा म्हणजे गुणाकाराचं चिन्ह आहे. ती गेली की एम आणि एस एकत्र येऊन ‘मिलिसेकंद’ होतो, आणि तुमच्या लेबलाचा अर्थ होतो ‘प्रति मिलिसेकंद’. पॅरिसजवळच्या सेव्र इथलं आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालय ‘एसआय’ पद्धतीची जी पुस्तिका काढतं, तिच्यात नेमका हाच धोका दाखवून एककांमध्ये जागा किंवा मध्यबिंदू सोडायला सांगितलं आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये ती जागा बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम देऊन मुद्दाम मागावी लागते.

डॉलरच्या आत शिरलेली अक्षरं आपोआप तिरकीही होतात. हा नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. एसआयच्या नियमानुसार राशीची चिन्हं तिरकी आणि एककांची चिन्हं सरळ असतात. तिरका मोठा टी म्हणजे तापमान, सरळ मोठा टी म्हणजे टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक. तिरका एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर. एककं सरळ छापण्यासाठी त्यांना ‘मॅथआरएम’ या आज्ञेत गुंडाळावं लागतं. किती शोधनिबंधांत आणि प्रबंधांत तिरके मीटर सुखेनैव नांदतात ते पाहिलं की वाटतं, परीक्षकांनी शुद्धलेखनासोबत एवढं तरी तपासावं.

पायथनच्या स्वतःच्या सवयी यात भर घालतात. बॅकस्लॅशपुढे काही अक्षरं आली की पायथन त्यांचा वेगळाच अर्थ घेतो. गुणाकाराच्या फुलीसाठी बॅकस्लॅश लावून ‘टाइम्स’ लिहायचं असतं. पायथन बॅकस्लॅश आणि टी ही जोडी टॅब म्हणून गिळतो आणि मागे ‘आइम्स’ उरतं. ग्रीक ‘न्यू’ लिहायला जाल तर लेबल मध्येच दुसऱ्या ओळीवर उडी मारतं. अवतरणचिन्हाआधी आर लावला, म्हणजेच ‘रॉ स्ट्रिंग’ केली, की हे थांबतं. दुसरा सापळा जास्त धूर्त आहे. लेबलात महिना किंवा दाबपातळी आपोआप यावी म्हणून लोक ‘एफ-स्ट्रिंग’ वापरतात. तिच्यात महिरपी कंसाचा अर्थ ‘आतलं मोजून इथे ठेव’ असा असतो. घातासाठी दिलेल्या कंसातलं उणे एक पायथन निमूटपणे मोजतो, उत्तर उणे एकच येतं, आणि कंस तेवढे नाहीसे होतात. मग मॅटप्लॉटलिब फक्त उणेचं चिन्ह वर चढवते आणि एक हा अंक खाली ओळीत बसतो. चूक दाखवणारा संदेश कुठेच येत नाही. कंस दुहेरी लिहिले की प्रश्न मिटतो, पण हे कळेपर्यंत अनेक आलेख छापून झालेले असतात.

मग हे सगळं पिंटवरच का सोपवू नये? सोपवावं, पण डोळे उघडे ठेवून. पिंटला काहीच न सांगता एकक छापायला लावलं तर ती ‘मीटर’, ‘सेकंद’ असे इंग्रजी शब्द लांबलचक आणि अमेरिकी वर्णलेखनात लिहून मोकळी होते. टिल्ड आणि मोठा पी हा संकेत दिला की ती आटोपशीर चिन्हं देते. ‘लॅटेक्स’ या अक्षरजुळणीच्या पद्धतीसाठीचा संकेत दिला तर ती उभा अपूर्णांक मांडते, आणि अरुंद रंगपट्टीशेजारी तो चांगलाच बेढब दिसतो. पावसाच्या प्रवाहाचं आटोपशीर रूप मागा. ती किलोग्रॅम, तिरपी रेघ, मीटरचा वर्ग, पुन्हा तिरपी रेघ, सेकंद असं लिहिते. एका एककात कंसाशिवाय दोन तिरप्या रेघा एसआयला मान्य नाहीत, कारण अ भागिले ब भागिले क याचे दोन अर्थ निघू शकतात. अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकांतही तिरप्या रेघेऐवजी ऋण घातच चालतात. पिंटमध्ये आपला स्वतःचा फॉरमॅट नोंदवायची सोय आहे. कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत कुणीतरी एकदा बसून ऋण घातांचा फॉरमॅट लिहून ठेवावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. हातानं टाइप केलेलं लेबल कोडमध्ये दिसलं की समजावं, पुढेमागे कुणीतरी आकडे बदलेल आणि लेबल तसंच राहील.

बारीक चिन्हांचीही वेगळी कटकट आहे. अंशाच्या चिन्हासारखंच दिसणारं, पण स्पॅनिशमध्ये क्रमवाचक अंकांना लावायचं छोटं ‘ओ’ युनिकोडमध्ये वेगळं आहे, आणि कॉपी-पेस्ट करताना ते हटकून येतं. केल्विनला १९६७ पासून अंशाचं चिन्हच लावत नाहीत, तरी ते दिसत राहतं. मायक्रोसाठीचं ‘म्यू’ युनिकोडमध्ये दोन जागी आहे, एकदा मायक्रोचं चिन्ह म्हणून आणि एकदा ग्रीक अक्षर म्हणून. हवेतल्या पीएम २.५ या सूक्ष्म कणांची भारतातली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जुन्या ‘सिम्बॉल’ फॉन्टमध्ये एम टाइप केला की म्यू दिसायचा. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि फॉन्ट बदलला की तो पुन्हा एम व्हायचा, आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम व्हायचे. हजारपट प्रदूषण, निव्वळ फॉन्टमुळे. मॅटप्लॉटलिबची आणखी एक खोड म्हणजे फार मोठे किंवा फार लहान आकडे आले की ती सामायिक घात काढून अक्षाच्या टोकाला बारीक अक्षरांत टाकते. सेटिंगमध्ये यासाठीची मर्यादा खाली आणलेली असेल आणि दाब पास्कलमध्येच ठेवला, तर अक्षावर १.००, १.०१ असे निरुपद्रवी आकडे दिसतात आणि ‘गुणिले दहाचा पाचवा घात’ कोपऱ्यात पडून राहतो. चित्र कापून सादरीकरणात चिकटवताना पहिल्यांदा कापला जातो तो हाच कोपरा. हेक्टोपास्कलमध्ये रूपांतर करून घेतलं की १०००, १००४, १००८ असे ओळखीचे आकडे येतात. मिलिबार आणि हेक्टोपास्कल यांचं मूल्य एकच असल्यानं दाबाच्या नकाशांत नाव बदलूनही आकडे तसेच राहिले. हवामानशास्त्रात असं नशीब क्वचितच मिळतं.

दहाच्या घातांचा खरा गोंधळ व्हॉर्टिसिटीच्या नकाशात होतो. हवा स्वतःभोवती किती जोरानं फिरते ते या राशीवरून कळतं, आणि तिची मूल्यं प्रति सेकंद ०.००००५ अशी असतात. वाचता यावं म्हणून सगळे तिला एक लाखानं गुणून ५ असं दाखवतात. मग लेबलात काय लिहायचं? काहीजण ‘गुणिले दहाचा पाचवा घात’ लिहितात, म्हणजे आम्ही एवढ्यानं गुणलं आहे. काहीजण ‘गुणिले दहाचा उणे पाचवा घात’ लिहितात, म्हणजे तुम्ही एवढ्यानं गुणून घ्या. दोन्ही नकाशे एकाच संशोधकाच्या टेबलावर असू शकतात. मॅक्सवेलची मांडणी इथे कामी येते. राशी म्हणजे संख्या गुणिले एकक. म्हणून अक्षावर लिहायची निव्वळ संख्या म्हणजे राशी भागिले एकक. लेबलात व्हॉर्टिसिटी, तिरपी रेघ, आणि मग ‘दहाचा उणे पाचवा घात प्रति सेकंद’ हे सगळं एकक म्हणून लिहिलं की दुसरा अर्थ निघायला वावच राहत नाही. ही पद्धत परकी वाटत असेल तर एनसीईआरटीचं अकरावीचं रसायनशास्त्र काढून पाहा. त्यातल्या तक्त्यांत उत्कलनबिंदूपुढे तिरपी रेघ आणि केल्विनचा के असतो, तो याच हिशेबानं.

काही एककं तर चित्रावर कुठेच लिहिलेली नसतात. हवामानाच्या नकाशावर वारा बाणासारख्या काडीनं दाखवतात: काडीला जोडलेली अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ म्हणजे १० नॉट, भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वाचणारा हे गृहीत धरूनच वाचतो. मॅटप्लॉटलिबची काड्या काढणारी आज्ञा मात्र फक्त ५, १० आणि ५० हे आकडे ओळखते. ते कशाचे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. प्रारूपांतला वारा मीटर प्रति सेकंदात असतो. आता समजा एका वादळाजवळ प्रारूपानं ३० मीटर प्रति सेकंद वारा दिला आहे. तो तसाच काडीवर चढवला तर तीन पूर्ण रेघा निघतात आणि वाचणारा ३० नॉट समजतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २८ ते ३३ नॉटला ‘अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र’, इंग्रजीत ‘डीप डिप्रेशन’, म्हणतात. ते अजून चक्रीवादळसुद्धा नसतं. प्रत्यक्षात ३० मीटर प्रति सेकंद म्हणजे ५८ नॉट, ताशी १०८ किलोमीटर. ४८ ते ६३ नॉट ही ‘तीव्र चक्रीवादळा’ची पायरी. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग याच पायरीवरचं होतं. मेटपायमध्ये काड्या काढण्यापूर्वी वारा नॉटमध्ये बदलायला एक ओळ लागते. ती ओळ विसरल्याचं नकाशाकडे पाहून कधीच कळणार नाही.

महाराष्ट्रात पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो आणि धरणात टीएमसीमध्ये साठतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. धरणातून सोडलेलं पाणी पुन्हा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटात. पिंटमध्ये टीएमसीची व्याख्या एका ओळीत करता येते, आणि मग पावसाची उंची गुणिले पाणलोटाचं क्षेत्र हे उत्तर सरळ टीएमसीमध्ये मागता येतं. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर आहे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा धरणात आला असं मानलं, तर सव्वातीन टीएमसीपेक्षा थोडं कमी पाणी होतं. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. मिलिमीटर, चौरस किलोमीटर आणि घनफूट एकाच गणितात आले तरी मध्ये कुठेही शून्यं मोजावी लागली नाहीत. हाच हिशेब कॅल्क्युलेटरवर करून पाहा, म्हणजे पिंटची किंमत कळेल. आणि पुराच्या दिवसांत उपयोगी पडेल असं एक उत्तरही जाता जाता घ्या: ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी रिकामा होतो.

राहिला प्रश्न मराठीचा. आलेखावर ‘मिमी’ लिहावं अशी साधी इच्छा धरली तर मॅटप्लॉटलिब आधी चौकोनी डबे छापते, कारण तिच्यासोबत येणाऱ्या ‘डेजावू सॅन्स’ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. देवनागरी फॉन्ट दिला की अक्षरं येतात, पण आतापर्यंत सर्रास वापरात असलेल्या तिच्या आवृत्त्यांना जोडाक्षरं आणि मात्रा जुळवता येत नाहीत. ‘मि’ची ऱ्हस्व वेलांटी म-च्या आधी येण्याऐवजी नंतर पडते, आणि हेक्टोपास्कलमधली जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. चित्र एसव्हीजी स्वरूपात साठवायचं आणि त्यातला मजकूर रेषांमध्ये न बदलता मजकूर म्हणूनच ठेवायचं सेटिंग करायचं, हा यावरचा चालणारा उपाय. मग अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो आणि तो ते नीट करतो. ‘एमपीएलकैरो’ हा वेगळा चित्रण-भाग वापरूनही हे साधतं. शोधनिबंधासाठी एसआयची रोमन चिन्हंच ठेवावीत. ती कुठल्या भाषेतले संक्षेप मानलेली नाहीत, म्हणून त्यांना पूर्णविराम लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. पण शेतकऱ्यांसाठी, गावच्या सोसायटीच्या फलकासाठी नकाशा काढत असाल तर मराठी लेबलासाठी एवढे कष्ट घेण्यात वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

आणि एकक लिहून झालं तरी पावसाच्या नकाशाचं लेबल पुरं होत नाही. ‘मिलिमीटर’ म्हणजे किती वेळातले? ईआरए-५ चा पाऊस तासाचा असतो. हवामान विभागाचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटरसुद्धा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचे आहेत. जागतिक माहितीसंचांचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. या दोन दिवसांत तीन तासांचा फरक आहे, आणि सह्याद्रीत तीन तासांत पुष्कळ पाऊस पडतो. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात रंगीत नकाशे काढून गटावर टाकणाऱ्यांना एवढीच विनंती: रंगपट्टीखाली एकक लिहा, ते कोडकडूनच लिहून घ्या, आणि शेजारी कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा पाऊस आहे तेही द्या. आणि ज्या नकाशावर हे नाही, तो पुढे पाठवू नका.